टेप नसलेल्या गाडीत इंजिनाबरोबर वाजणारी शिट्टी: ती येते कुठून आणि गेलेली परत का येते

गाडी बंद असताना गाणं एकदम स्वच्छ. इंजिन सुरू केलं की मागच्या स्पीकरमधून बारीक ‘कूंऽऽ’. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो. गाणं थांबवा, फोन खिशात घाला, शिट्टी आपली चालूच. ही लक्षणं तुमच्या गाडीशी जुळत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आवाज फाटणं, एकच बाजू वाजणं ही दुखणी वेगळी. त्यांचं शेवटाकडे थोडक्यात बघू.

टेप, म्हणजे डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेयर, न बसवता थेट ॲम्प्लिफायरवर (आवाज मोठा करणारी पेटी, पुढे नुसतं ‘ॲम्प’) गाणी वाजवणाऱ्या गाड्या आपल्या कोल्हापुरात पुष्कळ. शाळेची पोरं नेणारी ओम्नी, भाजी घेऊन येणारा छोटा हत्ती, हौसेनं जपलेली जुनी जीप, आणि कारखान्याचा हंगाम लागला की उसाच्या ट्रेलरपुढचा ट्रॅक्टर. गाणी फोनमध्येच असतात, मग टेपवर पैसे कशाला घालायचे, हा विचार बरोबरच आहे. मांडणी साधारण सगळीकडे सारखी असते: फोन, त्याला ब्लूटूथनं जोडलेला काडेपेटीएवढा रिसीव्हर, रिसीव्हरमधून ऑडिओ वायर सीटखालच्या ॲम्पला, ॲम्पवरून स्पीकर. रिसीव्हरला वीज मिळते ती डॅशबोर्डवरच्या लायटर सॉकेटमध्ये खोचलेल्या यूएसबी चार्जरमधून.

मांडणी चांगली आहे, मीही हीच सुचवतो. फक्त एक गोष्ट विसरली जाते. टेप नुसती गाणी वाजवत नव्हता. ॲम्प कधी चालू करायचा, कधी बंद करायचा हे तो निळ्या रिमोट वायरवरून सांगायचा, आणि ऑडिओ सिग्नल व वीज यांचे निगेटिव्ह एकमेकांना कुठे भेटतात याचीही थोडीफार काळजी त्याच्या आतल्या सर्किटमध्ये घेतलेली असायची. टेप काढला की ही कामं बेवारस होतात. शिट्टी त्यातूनच येते.

शिट्टीच का, घरघर का नाही

अल्टरनेटर, ज्याला गॅरेजात अजून डायनामोच म्हणतात, आत तीन फेजची एसी वीज तयार करतो आणि सहा डायोड तिची डीसी करतात. ती डीसी सपाट नसते, वर बारीक लाटा राहतात. इंजिन ८०० आरपीएमवर निवांत चालू असेल आणि पुलीचं गुणोत्तर अडीच असेल, तर अल्टरनेटर मिनिटाला २००० फेरे घेतो. बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्ये याचा हिशोब सेकंदाला २०० आवर्तनं असा होतो, आणि सहा डायोडमुळे लाटा होतात १२००. म्हणजे १२०० हर्ट्झचा सूर. इंजिन २५०० वर नेलं की तोच सूर ३७५० हर्ट्झवर जातो. माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, त्यामुळे काही मिलिव्होल्टची लाटसुद्धा डोक्यात जाते.

या लाटा प्रत्येक गाडीत असतात. कंपनीनं बसवलेल्या टेपच्या गाडीतही असतात. प्रश्न त्या गाण्याच्या वायरीत कशा शिरतात हा आहे.

ॲम्पचा निगेटिव्ह तुम्ही सीटखाली बॉडीला आवळलाय. रिसीव्हरचा निगेटिव्ह चार्जरमधून, लायटर सॉकेटमधून डॅशबोर्डमागच्या बॉडीला गेलाय. कागदावर दोन्ही ‘बॉडी’च. पण ॲम्प जोरात वाजताना दहा-पंधरा अँपिअर ओढतो, आणि सीटखालच्या स्क्रूचा जोड जेमतेम २० मिलिओहमचा जरी असला तरी तिथे ०.२ व्होल्टचा फरक पडतो. उसाच्या दोन सऱ्यांची पातळी सारखी नसेल आणि मधला बांध फुटला तर पाणी वाहायचं थांबत नाही, तसंच इथे. बांध फोडायचं काम करते ऑडिओ वायरीची बाहेरची जाळी, कारण ती रिसीव्हरचा निगेटिव्ह आणि ॲम्पचा निगेटिव्ह जोडते. अल्टरनेटरच्या लाटा त्या जाळीतून वाहतात, आणि ॲम्पला ते गाणंच वाटतं. तो इमानदारीनं मोठं करून ऐकवतो.

दुकानात सांगितलं की हमखास उत्तर मिळतं, ‘भावा, फिल्टर टाक, आवाज जातोय बघ.’ हा फिल्टर म्हणजे पॉझिटिव्ह वायरीत घालायची कॉइल. पॉझिटिव्हमधून येणाऱ्या लाटा तो थोड्या कमी करतो. आपली शिट्टी येते निगेटिव्हच्या वाटेनं. मग फिल्टर टाकूनही फरक पडत नाही आणि दोष ॲम्पवर जातो, तो बदलला जातो, नवा ॲम्पही तशीच शिट्टी वाजवतो. आधी तपासा, मग खिसा उघडा.

तपासणी: पॉवर बँक पुरते

इंजिन सुरू ठेवा, शिट्टी येऊ द्या. आता रिसीव्हरची यूएसबी वायर चार्जरमधून काढून पॉवर बँकेत लावा. बाकी काही हलवू नका. पॉवर बँकेचा गाडीच्या बॉडीशी काही संबंध नसतो, त्यामुळे दोन निगेटिव्हमधला फेरा तुटतो.

शिट्टी गेली तर निदान झालं. ॲम्प चांगला आहे, स्पीकर चांगले आहेत, चार्जरच्या वाटेनं फेरा होतोय. रिसीव्हर न वापरता फोन थेट ऑक्स वायरनं जोडत असाल तर हीच परीक्षा आणखी सोपी: फोनची चार्जिंग वायर उपटा. चार्जिंग काढल्यावर शांत आणि लावल्यावर शिट्टी, म्हणजे तेच दुखणं.

पॉवर बँकेवरही शिट्टी राहिली तर ॲम्पच्या इनपुटमधून ऑडिओ वायर काढून टाका. आता शांत झालं का? मग वायर कुठून कशी नेलीय ते बघा. बॅटरीकडून येणाऱ्या जाड पॉझिटिव्हला बांधून नेली असेल तर तिला गाडीच्या दुसऱ्या बाजूनं न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. तिची जाळी कुठे सोलून पत्र्याला लागत नाही ना, तेही पाहा. आणि इनपुट पूर्ण मोकळं असतानाही शिट्टी येत असेल, तर गोष्ट ॲम्पच्या स्वतःच्या वीजजोडणीची आहे किंवा स्पीकरच्या वायरीची. त्यासाठी पुढचा भाग.

बॉडी अर्थ: नव्वद टक्के काम इथेच

टक्केवारी मोजून काढलेली नाही, पण कुणाचीही गाडी आली की मी आधी सीट उचलून हाच बोल्ट बघतो. पत्र्यात सेल्फ स्क्रू मारलेला, खाली रंग तसाच, वायरीचे चार धागे स्क्रूभोवती गुंडाळलेले. नवं असताना चालतं. मग आपला पाऊस येतो. राधानगरी-गगनबावड्याकडे रोज ये-जा असलेल्या गाड्यांचं तर विचारूच नका. चिखलाचे पाय, ओली छत्री, मॅटखाली साचलेलं पाणी, आणि ऑगस्टपर्यंत तो स्क्रू तांबडा झालेला असतो. जोडाचा रोध वाढतो, फरक वाढतो, आणि उन्हाळ्यात गेलेली शिट्टी गणपतीत परत हजर होते. ती गेलेली नसतेच, ऐकू येण्याच्या खाली दबलेली असते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या किंवा २०२१ च्या जुलैमधल्या महापुरात जी गाडी पाण्यात उभी होती तिच्यात तर सीटखालच्या एकाही जुन्या जोडावर विश्वास ठेवू नका, बॅटरीकडून बॉडीला आणि बॉडीकडून इंजिनला जाणाऱ्या पट्ट्यांवरसुद्धा.

मोजायचं असं. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. दुसरं टोक ॲम्पच्या निगेटिव्ह टर्मिनलवर. वायर लांब पडेल, जोडून घ्या. इंजिन चालू, हेडलाइट चालू, गाणं मोठ्यानं. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असेल तर छान. ०.३ किंवा वर असेल तर तुमचा चोर सापडला. मग एक टोक बॅटरीच्या खांबावर तसंच ठेवून दुसरं टप्प्याटप्प्यानं सरकवा: क्लॅम्प, बॉडीचा बोल्ट, सीटजवळचा उघडा पत्रा, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), ॲम्प. ज्या दोन जागांमध्ये आकडा उडी घेतो तिथला जोड खराब.

दुरुस्ती करताना घाई नको. सीटजवळ जाड, मूळ चॅसिसला वेल्ड केलेली जागा शोधा. भोक पाडायच्या आधी गाडीखाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी, पाइप, ब्रेकची लाइन कुठून जाते ते. हे सांगायला लागू नये, पण लागतं. रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. वायरीला तांब्याचं थिंबल दाबून बसवा, नुसती वायर गुंडाळू नका. ८ मिलिमीटरचा बोल्ट, दातेरी वॉशर, खालून नट. घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस फासा आणि खालच्या बाजूला रंगाचा हात मारा. ग्रीस आधी आणि बोल्ट नंतर, असं करू नका. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. निगेटिव्हची वायर पॉझिटिव्हएवढीच जाड हवी आणि लांबी दीड फुटाच्या आत.

जाडीचा हिशोब: ॲम्प खरे २०० वॅट देत असेल तर साध्या एबी क्लासच्या ॲम्पची कार्यक्षमता ६० टक्के धरून १३.८ व्होल्टवर साधारण २४ अँपिअर लागतात. त्याला १० स्क्वेअर एमएमची वायर आणि ३० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीजवळच, दीड फुटाच्या आत. तो ॲम्पला वाचवायला नसतो, मधे वायर पत्र्यावर कापली गेली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. वायर विकत घेताना एक धागा नखानं खरवडा. आतून पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, आणि ते आपल्या दमट हवेत फार दिवस साथ देत नाही.

आता रिसीव्हरची वीज. लायटर सॉकेट विसरा. १२ चे ५ व्होल्ट करणारं छोटं बक मॉड्यूल घ्या, ॲम्पशेजारी बसवा, त्याचा पॉझिटिव्ह ॲम्पच्याच पॉझिटिव्हवरून एका अँपिअरच्या फ्यूजमधून, आणि निगेटिव्ह थेट ॲम्पच्या निगेटिव्ह टर्मिनलवर. रिसीव्हरही तिथेच, सीटखाली. ब्लूटूथला तेवढं अंतर काही नाही. सगळे निगेटिव्ह एका जागी भेटले की दोन पातळ्यांचा प्रश्नच राहत नाही. बहुतेक गाड्यांत शिट्टी इथे संपते.

कधीकधी शिट्टी जाते आणि तिच्या जागी बारीक चिरचिर, टिकटिक ऐकू येते, इंजिन बंद असतानाही. ती रिसीव्हरची स्वतःची. स्वस्त रिसीव्हरमध्ये ब्लूटूथ चिपचा परतीचा करंट आणि गाण्याचा निगेटिव्ह एकाच वाटेनं जातात. पॉवर बँकेवर ती गायब होते आणि बक मॉड्यूलवर येते, यावरून ओळखा. इलाज म्हणजे आयसोलेटेड कन्व्हर्टर, बी०५०५एस नावाचा चार पायांचा काळा ठोकळा. ५ व्होल्ट घेतो, ५ व्होल्ट देतो, पण आत छोटा ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे दोन्हीकडचे निगेटिव्ह एकमेकांना भेटत नाहीत. बक मॉड्यूल आणि रिसीव्हर यांच्या मध्ये लावायचा. एक वॅटचा असतो, म्हणजे २०० मिलिअँपिअर. नुसत्या रिसीव्हरला ते भरपूर झालं, पण आत बॅटरी असलेला रिसीव्हर चार्ज होताना जास्त ओढू शकतो. तेव्हा बिनबॅटरीचा रिसीव्हर बघा. याच घराण्यातला १२ व्होल्ट घेणारा बी१२०५एस थेट लावायचा मोह होईल. नको. त्याची मर्यादा १३.२ व्होल्ट आहे आणि चालत्या गाडीत १४.४ पर्यंत येतात.

ऑडिओ वायरीत लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर हा तिसरा मार्ग. डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, गाणं जातं आणि निगेटिव्ह तुटतो. पाच मिनिटांत काम होतं. मला तो आवडत नाही, कारण स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मर खालचा बेस खातो, आणि हलगी-ढोलकीची गाणी लावणाऱ्याला ते लगेच कळतं. गाडी दुसऱ्याची असेल, वायरिंग उकलायची परवानगी नसेल, तर मात्र तोच बरा. डबी ॲम्पच्या इनपुटजवळ लावा. स्पीकरच्या वायरीत ती चालत नाही.

रिमोट वायर आणि बंद करतानाचा ‘धप्’

टेप गेला की ॲम्पच्या रिमोट टर्मिनलला काय जोडायचं हे कळत नाही, म्हणून बरेच जण पॉझिटिव्हवरून तुकडा टाकून देतात. ॲम्प मग दिवसरात्र जागा. नुसता जागा असलेला मोठा ॲम्प एखादा अँपिअर ओढू शकतो, म्हणजे बारा तासांत १२ अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा एका रात्रीत गेला, आणि सकाळी थंडीत धक्का मारायची वेळ. चावीच्या ॲक्सेसरी लाइनवरून (चावी फिरवल्यावरच जिच्यात वीज येते ती) फ्यूज बॉक्समधून बारीक वायर काढा, एक अँपिअरचा फ्यूज घाला, डॅशबोर्डखाली एक बटण लावा आणि तिथून रिमोटला न्या. गाडीतून उतरताना आधी बटण, मग चावी. रिसीव्हर आधी मरतो आणि ॲम्प अजून जागा असतो तेव्हा तो धप् आवाज येतो. आधी बटणानं ॲम्प बंद केला की येत नाही.

टीपीए ३११६ सारख्या ॲम्प चिपच्या, पेटी नसलेल्या उघड्या बोर्डांना रिमोट टर्मिनल नसतं. तिथे ॲक्सेसरीनं ४० अँपिअरचा रिले (बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालवा: ८५ आणि ८६ वर कॉइल, ३० वर बॅटरी, ८७ वरून बोर्ड. कॉइलवर एक उलटा डायोड टाका. आणि अशा बोर्डांवर छापलेल्या वॅटना भुलू नका. ४ ओहमच्या स्पीकरवर १४ व्होल्टमधून एका चॅनेलला गणितानंच साडेचोवीस वॅटच्या वर स्वच्छ आवाज निघत नाही, चिप कुठलीही असो. छापलेला मोठा आकडा २१-२४ व्होल्टवरचा असतो, तो गाडीत कुठून येणार! त्याहून जास्त खरी ताकद हवी असेल तर आत व्होल्टेज वाढवणारा पॉवर सप्लाय असलेला ॲम्प घ्यावा लागतो.

आता ती राहिलेली दुखणी. जुन्या जीपमध्ये स्पीकरची एक वायर पत्र्याला जोडलेली सापडते, पूर्वीच्या रेडिओंना ते चालायचं. आजच्या बहुतेक चिपची दोन्ही टोकं जिवंत असतात, एक टोक पत्र्याला लागलं की ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जातो किंवा जळतो. दारातल्या स्पीकरमागे वायर सोललेली असली तरी तेच. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र वायरी ॲम्पपासून न्या. आवाज फाटत असेल तर बहुधा गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारा ॲम्पवरचा नॉब, चढलेला असतो. फोनचा आवाज शेवटून एक-दोन पायऱ्या खाली ठेवा, मग ॲम्पचा गेन शून्यापासून पाहिजे तेवढाच वर आणा. गाण्याचा सिग्नल मोठा आणि गेन लहान, म्हणजे वाटेत शिरलेला कचराही कमी मोठा होतो. इंडिकेटरबरोबर टिकटिक येत असेल तर पुन्हा बॉडी अर्थच बघा. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या ठोक्यांबरोबर टकटक येत असेल तर स्पार्क प्लग रेझिस्टरचा आहे का आणि त्याची वायर ठीक आहे का ते बघा. जड ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ काढू नका, एक बॅटरी सतत उपाशी राहून लवकर मरते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

ट्रॅक्टरवाल्यांना एवढंच: मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा. दोन ट्रेलर मागे असताना आरशात काही दिसत नाही, कानच उरतात.

सगळं करूनही शिट्टी हटत नसेल, तर मल्टीमीटर एसी व्होल्टवर घेऊन इंजिन चालू असताना थेट बॅटरीच्या दोन खांबांवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा वर एसी दिसली तर अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेलेला असण्याची शक्यता मोठी. काही मीटर डीसी असताना एसीवर खोटा आकडा दाखवतात, म्हणून एकदा इंजिन बंद करून मोजा आणि दोन्हींतला फरक धरा. डायोड गेला असेल तर सीटखाली काही उकलत बसू नका. अल्टरनेटर उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. डायोड प्लेट वेगळी मिळते, अख्खा अल्टरनेटर बदलायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. तो डायोड आज शिट्टी वाजवतोय, उद्या बॅटरी चार्ज होऊ देणार नाही.